माळ्यावरचं एअरकंडिशन

हवेचं मला कळतं! ही बढाई नाही, माझा धंदाच तो आहे. मुरबाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. मुंबईतल्या हॉटेलांना आणि थेटरांना एसीचे डक्ट आम्ही पुरवतो. डक्ट म्हणजे पत्र्याची लांबलचक चौकोनी नळी, गार हवा इकडून तिकडे नेणारी. तो पत्रा वाकवणारा, ठोकणारा, जोडणारा मी, रत्नदीप. सात वर्षांचा अनुभव! आणि सातही वर्षं टेम्पररी. दर सहा महिन्यांनी नोकरीत ब्रेक मिळायचा, पुन्हा सही, पुन्हा टेम्पररी. सासरी कुणी विचारलं, "जावई, झालात का परमनंट?" की मी ताटातल्या भाताकडे बघायचो.

ही गोष्ट आहे २००३ सालची. त्याआधीच्या दिवाळीत माझ्या डोक्यात एक कल्पना आली. लोकांच्या हॉटेलात गारवा पाठवणारा माणूस स्वतः सिमेंटच्या पत्र्याखाली का भाजतो? आमच्या घराच्या तीन खोल्या एका ओळीत, वर माळा. मागच्या खिडकीत एक कूलर बसवायचा, माळ्यावरून डक्ट फिरवायचा आणि तिन्ही खोल्यांत जाळ्या सोडायच्या. शिवाय थंडीत न्हाणीच्या चुलीची गरम हवा त्याच डक्टात घ्यायची. हॉटेलवाल्यांनासुद्धा हे सुचलं नसेल!

"थंडीत गरम, उन्हाळ्यात गार! बारा महिने एक हवा!" मी आईला सांगितलं.

माझी आई गोजाबाई. तिने तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं. "बारा महिने एक हवा कशाला पायजे रे? तीन-तीन ऋतू फुकट मिळतात, ते काय वाईट हायत?"

अशा माणसांमुळे देश मागे राहतो! मी शेखरसाहेबांना, म्हणजे आमच्या कारखान्याच्या इंजिनिअरांना विचारून भंगारातला पत्रा घेतला आणि चार रविवारांत डक्ट उभा केला. प्रत्येक तोंडाला लाकडी सरकती फळी बसवली. दोरी ओढली की उघडे, सोडली की बंद. आत साफसफाई करायला माळ्यावर एक लहानसं दार ठेवलं. माझी एकेक जोड अशी, की मुंगीने आत जायचं म्हटलं तर तिला माझी परवानगी लागेल.

जानेवारीत चुलीकडची दोरी ओढली. खोलीत गरम हवा आली, पण एकटी आली नाही, धूर घेऊन आली! माझी बायको श्वेता खोकत खोकत अंगणात पळाली.

"अवं, थंडी परवडली!" तिने बाहेरून ओरडून सांगितलं.

आरशात पाहिलं तर मला काळी मिशी फुटली होती. चुलीकडचं तोंड मी त्याच दिवशी खिळे मारून बंद केलं. चूक माझी नव्हती, लाकडं ओली होती!

फेब्रुवारीत दुसराच प्रकार सुरू झाला. पहाटे गारठा, नऊ वाजता कडक ऊन. पत्रा रात्री आकसायचा, सकाळी फुगायचा आणि फुगताना असा दणका द्यायचा की घर हलायचं. धब्ब! पहिल्याच दणक्याला शेजारचे दामूकाका काठी घेऊन धावत आले.

"रतन! तुझ्या पत्र्यावर माकडां आली!"

"काका, माकडं नाय, हवामान हाय!"

"हवामानाला शेपूट असतंय का रे? पत्रा कोण हलवतंय मग?"

पुढे दोन महिने रोज नऊला धब्ब आणि सव्वानऊला दामूकाका. त्यांच्यापाठोपाठ त्यांचा पिवळा बोकाही यायचा. काका चहा पिऊन परत जायचे. बोका मात्र दिवसभर आमच्याकडेच.

पण एप्रिल आला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली! कूलर लावला, दोऱ्या ओढल्या, तिन्ही खोल्यांत गारेगार वारा! बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खिरीला आलेली माणसं जाळीखाली जी बसली ती संध्याकाळपर्यंत उठेनात. एकाने तर तिथेच झोप काढली. कारखान्यातही बातमी पोचली.

शेखरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब शहापूरकडचे, बोलायला मोकळे, पण कामात एक तसू इकडेतिकडे चालत नाही.

"रत्नदीप, घरी सेंट्रल एसी केलास म्हणे! जूनच्या पहिल्या रविवारी येतो बघायला. दोन माणसं परमनंट करायचीत. नावं मलाच द्यायचीत. काम चांगलं दिसलं तर एक नाव तुझं."

मी कारखान्यातून घरी चालत आलो की उडत आलो, आठवत नाही. सात वर्षांचं भिजत घोंगडं एका रविवारात वाळणार होतं!

आणि मग हवा फिरली. मे संपत आला, आकाश भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसता घाम! अशा दमट हवेत कूलर कामाचा नाही. तो आणखी पाणीच सोडतो. पलंगाच्या चादरी ओल्या व्हायला लागल्या. मी कूलर बंद केला, दोऱ्या सोडून सगळ्या फळ्या बंद केल्या आणि रोज आकाशाकडे बघत बसलो.

रविवार उजाडला आणि काय सांगू! ढग गायब! लख्ख, कोरडं, चटके देणारं ऊन! मी अंगणात उभा राहून मोठ्याने हसलो. हवासुद्धा माझ्या बाजूची होती.

बाराला साहेब मोटरसायकलवरून आले. साडेबाराला लोडशेडिंग संपून लाईट यायची होती. साहेबांचा पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. मी खुर्ची बरोबर जाळीखाली सरकवली.

"साहेब, इथं बसा. हवेचा पहिला मान तुमचा!"

आई चहा घेऊन आली. "रतन, मी काय म्हणते, ती तुझी पेटी हाय ना वर..."

"आई, तिला डक्ट म्हणतात."

"अरे व्हय, पन त्या डक्टात..."

"आई, साहेब इंजिनिअर हायत. तू मधे नको बोलू. भाकऱ्या बघ!"

दारात श्वेता उभी होती. डोळे मोठे करून, मान हलवून ती माझ्याकडे एकटक बघत होती. नवऱ्याचं कौतुक असंच तर दिसतं! मीही तिला मान हलवून दाखवली.

तेवढ्यात वर दणका बसला. धब्ब! दामूकाका काठीसकट दारात हजर, मागे बोका.

साहेबांनी वर बघितलं. "पत्रा फुगतोय उन्हानं. मधे कॅनव्हासची जोड द्यायला पायजे होतीस, फुगायला जागा मिळाली असती."

"माकडां नायत म्हणता?" दामूकाकांनी साहेबांकडून खात्री करून घेतली आणि दाराशीच बसले.

लाईट आली! मी कूलरचं बटण दाबलं, मागची फळी उघडली आणि आतल्या दोन खोल्यांच्या दोऱ्या ओढल्या. फळ्या हलेनात! बारा दिवसांच्या दमट हवेने लाकूड फुगून गच्च बसलं होतं. पुढच्या खोलीची दोरी मात्र दोन्ही हातांनी ओढल्यावर सुटली. म्हणजे तीन खोल्यांचा वारा आता एकाच जाळीतून येणार होता. साहेबांवर! मला आनंदच झाला.

"आलं का वारं, साहेब?"

आधी वास आला. साहेबांचं नाक वर झालं. बोक्याने डोळे उघडले. मग जाळीतून गुलाबी भुसा यायला लागला. आधी चिमूटभर, मग मूठभर आणि मग सुपाने पाखडल्यासारखा! साहेबांच्या केसांत, शर्टावर, चहाच्या कपात. मी एक कण उचलून बघितला. त्याला डोळे होते!

सुकट! पावसाळ्याची बेगमी म्हणून आई दर मे महिन्यात मुरबाडच्या बाजारातून आणते ती वाळवलेली बारीक कोळंबी. पाच किलो!

"बंद कर! बंद कर!" साहेब ओरडले.

मी दोरी सोडली. फळी सरकेना! बंद असताना बंद बसलेली फळी आता उघडी अडकली होती. मी दोरीला लोंबकळलो, दोरी माझ्या हातात आली. तेवढ्यात वर खडखड करत काहीतरी घसरत आलं आणि जाळीतून एक आख्खा बोंबील तोंड उघडून साहेबांकडे बघायला लागला. बोक्याला आता राहवेना! त्याने थेट साहेबांच्या मांडीवर उडी घेतली, तिथून खांद्यावर आणि खांद्यावरून जाळीला लटकला. दामूकाकांनी बोक्याला मारायला काठी उगारली.

"काका, साहेब हायत खाली!" श्वेता किंचाळली आणि तिनेच मागे धावत जाऊन कूलरचं बटण बंद केलं.

साहेब खुर्चीत तसेच बसले होते, सुकटीत घोळून काढल्यासारखे गुलाबी. मला सात वर्षं डोळ्यांसमोर दिसली. पुढची सातही दिसली.

"आई!" माझ्या तोंडून रडका आवाज निघाला. "डक्टात सुकट?"

"सांगत तर होते मघापासून!" आईही आता चिडली. "फडताळात ठेवली तर उंदीर, माळ्यावर ठेवली तर ह्या दामूचा बोका, डब्यात ठेवली तर सादळते. तुझी पेटी बंद पडून होती, त्यात फडक्यावर पसरली. बारा दिवस झाले. तुला येळ होता का माझं ऐकायला?"

साहेब सावकाश उठले. मला वाटलं, चालले. पण त्यांनी जाळीतला बोंबील ओढून काढला, कानाजवळ धरला आणि मोडला. कट्ट!

"बारा दिवस म्हणालात, आई?"

"व्हय."

"माझ्या घरात पापड सादळले, बिस्किटं सादळली, आगपेटी पेटत नाय. आणि ह्यो कट्टकन मोडतोय!" ते दामूकाकांकडे वळले. "काका, हा बोका ह्या घरात कितीदा येतो?"

"हितंच ऱ्हातो तो, सायेब! जेवायला तेवढा माझ्याकडं येतो."

"आणि बारा दिवसांत ह्याला डोक्यावरच्या एवढ्या मासळीचा पत्ता लागला नाय!" साहेबांनी माळ्यावर चढून डक्टाच्या एकेका जोडीवरून बोट फिरवलं. खाली उतरले तेव्हा केसांतून सुकट गळत होती. "रत्नदीप, हवेचं तुला काही कळत नाय."

मी मान खाली घातली.

"पण जोड एक नंबर आहे! लिकेज शोधायला आमी मुंबईत मशीन लावतो. तुझ्या आईनं बोका लावला. चला, आता वाढा. ही सुकट वाया घालवायची नाय."

साहेब चार भाकऱ्या जेवले. जाताना आईने त्यांना अर्धा किलो सुकट बांधून दिली. शर्टाच्या खिशात होती ती वेगळी.

पुढच्याच महिन्यात पत्र आलं. परमनंट! वाचताना माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही. मी पेढे घेऊन घरी धावलो, आईच्या पाया पडलो आणि म्हणालो, "आई, आता फळ्या बदलतो, कॅनव्हास लावतो. पुढच्या उन्हाळ्यात बघ कसा गारवा करतो!"

"पेटीला हात लावायचा नाय!" आई म्हणाली. "सायेबानं पास केलीय ती!"

त्यानंतर चार उन्हाळे गेले. डक्टात सुकट आहे, बोंबील आहेत, पापड आहेत, दामूकाकांकडचे वालसुद्धा आहेत. कूलर आम्ही विकला. परमनंटचं पत्र मात्र मी लॅमिनेट करून ठेवलंय. मे महिन्यात लाईट गेली की तेच हातात घेऊन ओटीवर बसतो. हलवलं की वारा बरा येतो.