पुढच्या वेळी काय?

साकेत नगरातल्या आमच्या वैरागडेकाकांना कुणी काही विचारलं, की ते उत्तर देत नाहीत. हातात पान्हा देतात.

लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन त्यांना प्लंबरचा नंबर विचारला. काका खाली आले, पान्हा माझ्या हातात ठेवला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मी नळ खोलला. पाणी थेट छताला. मी नखशिखांत भिजले. काका जागचे हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "काय झालं? का झालं? पुढच्या वेळी काय?"

पुढच्या वेळी आधी मेन वॉल्व्ह बंद करायचा, हे मी आता झोपेतही सांगेन.

मंडीदीपच्या एका कारखान्यात नव्या कामगारांना शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर कामगार राहिले नाहीत, खोड राहिली. पाण्याची मोटर का चालत नाही असं विचारण्याची चूक आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी एकदा केली आणि अख्खी दुपार ते ग्रीसमध्ये माखून बसले. काका वरून सांगत होते, "हाथ लगाओ भैया, तब समझेगा."

काकूंपुढे मात्र ही शाळा बंद असायची. काकू नागपूरच्या. रविवारी सांभारवडी करायच्या, बेसनाच्या पारीत कोथिंबिरीचं सारण गुंडाळून तळलेली. काका ताट वाढलं की येत. एक डबा आमच्याकडे खाली यायचा.

काकू गेल्या. बरेच दिवस वरून कसला आवाजच नव्हता. मग एका रविवारी काका ताटली घेऊन दारात उभे. वड्या तेलात फुटून पार विस्कटलेल्या.

"तिच्या हातची चव माझ्याशिवाय आता इथे तुलाच माहीत आहे," ते म्हणाले. "जगाला हाताने करायला लावलं, बेटा. तिच्या शेजारी एकदाही उभा राहिलो नाही."

तेव्हापासून दर रविवारी ताटली येते. मी खाते आणि खरं ते सांगते, काका तिन्ही प्रश्न स्वतःलाच विचारतात. वडी फुटली. का, तर सारण ओलं होतं. पुढच्या वेळी कोथिंबीर आधी नीट सुकवायची. कधी खसखस करपली, कधी पारी जाड झाली. मला वड्यांचा कंटाळा येत नाही, काकू आठवतात.

गेल्या रविवारी पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले.

"काका, हीच. अगदी हीच."

मला वाटलं, ते खूश होतील. ते खुर्चीत बसले. सवयीने पुटपुटले, "काय झालं? का झालं?" तिसरा प्रश्न तोंडातून निघेना. मग हळूच म्हणाले, "चिंच जरा कमी पडली का गं?"

चिंच बरोबर होती.

"हो काका," मी म्हटलं. "जरा कमीच आहे."

ते लगेच उठले. "मग पुढच्या रविवारी परत करून बघतो," म्हणाले आणि ताटली तिथेच विसरून जिना चढू लागले.