खर्चे मास्तरांची सही

मे महिन्यात संध्याकाळी अख्खं मलकापूर अंगणात खाटा टाकून बसायचं. तेव्हा दारं-खिडक्या लावून आत घामाघूम होणारा माणूस एकच: माझे शेजारी खर्चे मास्तर. त्यांना राजकारण बोलायचं असे. आधी खाटेखाली वाकून पाहत, मग कुजबुजत, आणि शेवटी बजावत, "मी काई बोललो नाही, तुम्ही काई आयकलं नाही!"

भिण्यासारखं होतंही. महाराष्ट्र नवा होता, नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडायचा होता. उभे होते कापसाच्या जिनिंगवाले शेठ, आणि मास्तरांच्या शाळेचे अध्यक्षही तेच. मागच्या खेपेला त्यांच्याविरुद्ध बोललेला शाळेचा शिपाई आठवड्यात घरी बसला होता. मास्तर शेठचं नावसुद्धा घेत नसत. नुसतं 'ते' म्हणत.

आम्ही चार पुरोगामी माणसं मास्तरांच्या त्या भट्टीत पर्याय शोधत होतो. वकीलसाहेब चांगले, पण शेठचे खटले तेच चालवत. रेल्वेतले युनियनवाले धीट, पण मतदारयादीत त्यांचं नावच नव्हतं. अखेर घरोघर जाऊन आजाऱ्यांचं करणाऱ्या काशीबाई नर्सवर एकमत झालं. बाई तयार झाल्या. अर्जावर सूचकाची सही तेवढी हवी होती, आणि मुदत दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत.

सहीचा विषय निघताच एकाला खामगावचं लग्न आठवलं, दुसऱ्याची कंबर धरली. मी पोस्टातला कारकून, सरकारी नोकर. मला सही करता येत नव्हती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी अर्ज घेऊन दारात उभा असताना मास्तर म्हणाले, "द्या इकडं."

"मास्तर, तुमची नोकरी जाईन!"

"मले काय सांगता? आधी दार लावा."

डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी सही केली.

अर्ज देऊन परतताना ते मला चिकटून चालत होते. मी विचारलं, "एवढे भेता, मंग सही काऊन केली?"

"आमच्या हिच्या आखरीच्या दुखण्यात काशीबाई रोज ये. मी भेऊन बाहीरच बसलो. हिचा हात तिनंच धरला होता."

घराशी आल्यावर मास्तर कुलपाला किल्ली लावून तसेच उभे राहिले.

"पगाराचं जाऊ द्या. शाळेत पोट्ट्याइचा कल्ला तरी असते. दिवसभर या घरात एकट्यानं कसं राहावं? नोकरी गेलीच, तं दुपारी तुमच्या पोस्टात येऊन बसलो तं चालन का? लोकाइची पत्रं लिहून देत जाईन."