लाल कॅप्सूल कुणाच्या?

हज करून आल्यापासून सगळे ज्यांना 'हाग्गा' म्हणत, त्या नबवियांना सर्दी झाली आणि इजिप्तमधल्या मन्सूऱ्याच्या त्या तीन मजली घरात दोन्ही सुनांच्या पायाला भिंगरी लागली. कारण उघड होतं. रमजानच्या आधी हाग्गा उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला निघणार होत्या. सोबत एकच सून न्यायची होती, आणि कुठली ते त्यांच्या ओठांवर अजून आलं नव्हतं.

थोरल्या इन्शिराहने पेरूच्या पानांचा काढा ठेवला. तो उकळतोय तोवर धाकटी शुरूक वरच्या मजल्यावरून पिवळ्या कॅप्सूल घेऊन हजर! पोराचा घसा धरला होता तेव्हाच्या उरलेल्या.

"घ्या हाग्गा, अँटिबायोटिक आहे. उद्या टुणटुणीत व्हाल."

हाग्गांनी गिळली. "याला म्हणतात काळजी! इन्शिराह, तू बस झाडपाला उकळत."

इन्शिराहच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुरूकचा भात मोकळा होतो, शुरूकची बदकं पुष्ट होतात, इथवर तिने दात-ओठ खाऊन सोसलं होतं. पण मक्काही शुरूकलाच? तिने डोक्यावर रुमाल बांधला आणि तरातरा कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान गाठलं.

"अँटिबायोटिक द्या. पिवळ्यांपेक्षा जोरदार."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? तुम्ही काय कमी डॉक्टर आहात?"

"पण आजारी कोण आहे?"

"सर्दी सासूला आहे, त्रास जावेचा आहे."

दुकानदाराच्या घरीही दोन सुना असाव्यात. त्याने मुकाट्याने लाल कॅप्सूल काढून दिल्या.

मग काय, सकाळी पिवळी, दुपारी लाल. शुरूकला लालचा सुगावा लागताच तिने पिवळ्या दुप्पट केल्या. इन्शिराह मागे राहते की काय! हाग्गा मात्र अशा खूश की शेजारणींना बोलावून औषधं दाखवत होत्या. अखेर त्यांचं पोट ढासळलं, अंगभर गांध्या उठल्या आणि डॉक्टर रिफअतना बोलवावं लागलं.

डॉक्टरांनी कॅप्सूल पाहिल्या आणि ते भडकलेच.

"सर्दीला अँटिबायोटिक? ती आपोआप जाते हो! अशी उगाच खाल्लीत तर खऱ्या दुखण्याला लागू पडायची नाहीत. आणि वर ही ॲलर्जी! थोडक्यात वाचल्या म्हातारबाई. कुणाचा हा उद्योग?"

शुरूकला रडू फुटलं. "मी... मी फक्त पिवळ्या..."

अशी संधी पुन्हा येणार नव्हती. इन्शिराह पुढे सरसावली.

"सगळं तिचंच, डॉक्टर! पिवळ्याही तिच्या, लालही तिच्या. मी फक्त नेऊन हातात ठेवल्या. खोटं कशाला बोलू?"

हाग्गा उशीवरून उठून बसल्या.

"लालसुद्धा शुरूकने आणल्या? आणि तू स्वतःच्या नावावर खपवत होतीस?"

"अहो हाग्गा, पण त्यानेच तर गांध्या..."

"गांध्या म्हणजे दुखणं बाहेर पडतंय! या डॉक्टरला काय कळतंय? ठरलं माझं. मक्केला शुरूक येईल."

शुरूकचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. "हो डॉक्टर," ती नम्रपणे म्हणाली, "दोन्ही मीच आणल्या. चुकलं माझं."

"खोटारडी!" इन्शिराह किंचाळली. "लाल माझ्या! मी स्वतः दुकानात गेले, मी मागितल्या, मीच खाऊ घातल्या! डॉक्टर, सगळा गुन्हा माझा!"

डॉक्टरांचा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, जावेसाठी जीव टाकणारी जाऊ आज पहिल्यांदा बघतोय. पण तिची चूक तुम्ही अंगावर घेऊ नका."

शुरूकने धावत येऊन इन्शिराहला घट्ट मिठी मारली. "जाऊबाई, मक्केत पहिली दुआ तुमच्यासाठी मागीन!"

इन्शिराह ढसाढसा रडली. ते रडणं मायेचंच आहे, याबद्दल खोलीत कुणालाही शंका आली नाही.