मार्थादीदी रिट्रीटला जातात

आमच्या इमारतीत शिंकलात, की मार्थादीदींचा थर्मामीटर तुमच्या जिभेखाली गेलाच समजा. एकदा गॅसवाल्याने नुसतं नाक ओढलं, तर सिलिंडर दारातच राहिला आणि तो दीदींच्या सोफ्यावर टॉवेल पांघरून वाफ घेत बसला.

दीदी निवृत्त नर्स. मूळच्या नागपूरच्या; वडील रेल्वेत, म्हणून रायपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायच्या, "वॉर्डभर माणसं 'सिस्टर, सिस्टर' करून राहिली होती. घरी आनखीन एक काहून पायजे?"

धर्मानं कॅथलिक. रविवारी न चुकता चर्चला जायच्या, पण बसायच्या दाराजवळच्या बाकावर. आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की कोणी बोलायला यायच्या आत रिक्षात. भक्ती वगैरे विचारलं तर म्हणायच्या, "ड्यूटी हाय ते."

अशात त्यांच्या चर्चमधल्या पोरापोरींनी एक चळवळ काढली. नवीच, अजून मिसरूडही न फुटलेली. शहराबाहेर दोन-तीन दिवस राहायचं, गाणी म्हणायची, मौन पाळायचं, प्रार्थना करायची. त्याला ते रिट्रीट म्हणतात. पहिल्याच रिट्रीटमध्ये निम्म्या मुलांची पोटं बिघडली. पुढच्या वेळी फादरनी दीदींना गळ घातली.

"सुधा, मी देवासाठी नाही जाऊन राहिली," त्यांनी मला बजावलं. "ओआरएससाठी जाऊन राहिली."

आणि गोल बाजारातून नवी बादली, फिनाईल आणि साबणाच्या वड्या घेऊन त्या निघाल्या.

तिथलं सगळं मला नीलेशकडून कळलं. हा त्या चळवळीतलाच, सिलतऱ्याच्या कारखान्यात काम करणारा, गिटार वाजवणारा पोरगा. म्हणाला, "आंटी, दीदीने खाने से पहले सबके नाखून देखे. फादर के भी." मौनाच्या तासाला कोणीतरी खोकलं, तर दीदींनी एक शब्द न बोलता, नुसत्या खुणेनं, त्याला जीभ बाहेर काढायला लावली. सगळे हसले आणि मौन तिथंच संपलं.

परत आल्या त्या जिन्यात गाणं गुणगुणत. सूर नव्हता, पण उत्साह भरपूर. इमारतीला काळजी वाटली. त्यांचा ताप बघायची हिंमत मात्र कोणाला झाली नाही.

त्यानंतर दर रविवारी दुपारी त्यांच्या घरातून गिटार, भांडी आणि दीदींचा ओरडा असा तिहेरी आवाज येऊ लागला. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी, तेलीबांधा तलावावर फिरताना, मी विचारलंच.

दीदी बाकावर बसल्या.

"शेवटच्या दिवशी जोड्या केल्या होत्या. एकानं दुसऱ्यासाठी प्रार्थना कराची. नीलेश माह्यासमोर बसला. विचारते, 'दीदी, आपके लिए क्या माँगूँ?' आयुष्यभर बिमार लोकाईच्या उशाशी बसली मी. त्याईच्यासाठी काय मागाचं, ते सारं पाठ होतं. सोतासाठी काही सुचेच ना."

"मग?"

"मग तोंडातून निघून गेलं. म्हटलं, रविवारी एकटीनं जेवाचा कंटाळा येते."

त्यांनी चप्पल काढून आतला खडा झटकला.

"मले वाटलं, पोट्टा हसंल. नाही हसला. डोळे मिटले अन् देवाले जसंच्या तसं सांगितलं. हात धरून होता माहा. अन् पुढच्या रविवारी बेल वाजली. दार उघडलं, तं पायऱ्यांपर्यंत पोट्टे-पोट्ट्या! देवानं ऐकलं, सुधा, पण माह्या घरचा कुकर केवढा हाय, ते नाही पाहिलं."

मी खो खो हसले. त्या घाईनं उठल्या. उद्यासाठी राजमा भिजवायचा होता.

चालता चालता, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "मागच्या रविवारी एक पोट्टी आली नाही. गावी गेली होती. मले बाप्पा, घासच उतरला नाही."