बाजाराच्या दिवशीची गोळी

चामोर्शीच्या बाजारचौकात मनोहरभाऊंचं औषधाचं दुकान आहे. तिथे गोळी मिळण्याआधी तिच्यापासून काय त्रास होऊ शकतो ते ऐकावं लागतं, आणि तेही बसून. काउंटरपुढे एक लोखंडी स्टूल आहे. उभ्या माणसाला मनोहरभाऊ औषध देत नाहीत. "उभा माणूस कानानं ऐकते अन् पायानं निघते," असं त्यांचं म्हणणं. सांगून झालं की ते गिऱ्हाइकाकडून सगळं वदवून घेतात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मी तालुक्याच्या बातम्या पाठवतो. कुठल्या गावात ताप आहे हे सरकारी कागदाआधी या दुकानात कळतं, म्हणून माझं तिथे बसणं असतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत कंबरदुखीची गिऱ्हाइकं वाढतात. एकदा एक शेतकरी धावतच आला.

"भाऊ, कंबरेची गोळी द्या. आटो चालला माहा."

"बसा."

"बसाले टाइम नाई जी."

"जेवले?"

"नाई."

"लघवी कशी होते?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायांनी माना फिरवल्या. तो माणूस कानापर्यंत लाल झाला. "अजी, कंबर दुखून राह्यली माही. लघवीचं काऊन विचारता?"

"गोळीले डोळे नसते," मनोहरभाऊ म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तुम्ही कंबरेसाठी गिळता, पण ते पोटातून जाते, किडनीतून जाते. रस्त्यात काय मोडून राह्यलं, तिले दिसत नाई."

आटो निघून गेला. गोळी मिळाली, पण समोरच्या टपरीवर पोहे खाऊन आल्यावर.

चौकाच्या पलीकडे दुसरं दुकान आहे. तिथे स्टूलही नाही आणि प्रश्नही नाहीत. पांढरी, पिवळी, गुलाबी अशा सुट्या गोळ्यांची कागदी पुडी मिळते. माणूस ती तिथेच गिळतो आणि संध्याकाळी पुन्हा शेतात वाकतो. गर्दी अर्थातच तिकडे. याचं वाईट वाटत नाही का, असं मी एकदा मनोहरभाऊंना विचारलं.

"लोकायचं दुखणं जाते तिथं. मी काऊन नाई म्हणू? गुलाबीवालीनं तर माणूस उड्या मारते. दोन-चार वर्षांनं त्याचं तोंड सुजते, हाडं ठिसूळ होते, अन् मंग तो माह्या स्टुलावर येऊन बसते."

यावरून ते औषधांच्या विरोधात आहेत असा समज होतो. तो चुकीचा आहे. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर सासुरवाडीला आले होते. मोबाइलवर काहीतरी पाहून त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली होती आणि झाडाच्या सालीचा काढा सुरू केला होता. मनोहरभाऊ पाठ थोपटतील अशा अपेक्षेनं ते स्टुलावर बसले.

"गोळीचे साइड इफेक्ट फार," ते म्हणाले. "हे कसं, झाडाचं आहे."

"धोत्राबी झाडच आहे जी. खाता?"

इंजिनिअर स्टुलावरून उठू लागले.

"ज्यानं काहीच बिघडत नाई, त्यानं काही सुधरतबी नाई. साहेब, आज गोळी घ्या अन् उद्या डॉक्टरले दाखवा. काढ्याचंबी सांगा त्याले. लपवू नका."

इतका सावध माणूस चुकला तो शेवंताबाईच्या बाबतीत.

शेवंताबाई बांगड्या विकते. तिच्या बोटांना संधिवातानं धरलं होतं. सकाळी मूठ उघडायची नाही. बांगडी भरायची म्हणजे दुसऱ्या बाईचा हात दाबून, पंजा चोळून कासार अलगद वर सरकवतो. ते जमेना, तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरनं तिला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहून दिली. औषध खात्रीचं, पण रोज घेतलं तर जिवावर बेतणारं. मनोहरभाऊंनी तिला सगळं सांगितलं. वार तिच्या लक्षात राहत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी तोडगा काढला. या भागात आठवडा बाजारावर मोजतात. ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी एक. बाकीच्या दिवशी हात नाई लावायचा." तिनं बरोबर म्हणून दाखवलं. पाकीट घेऊन ती गेली.

काही दिवसांनी ती परत आली. ओठ फुटले होते, अंगात ताप होता, तोंडात घास जात नव्हता. तोंडातल्या फोडांना लावायला मलम मागत होती. मनोहरभाऊंनी तिला बसवलं.

"गोळी कवा घेतली?"

"आज. बाजार आहे ना."

"त्याच्या आधी?"

"काल. आष्टीचा बाजार होता. परवा घोटले होती."

मनोहरभाऊ काउंटरमागून बाहेर आले.

"भाऊ, तुमीच सांगतलं ना?" ती म्हणाली. "माह्या तं रोजच बाजार राह्यते."

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. मीच गाडी मिळवली. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "चूक तिची नाई, माही आहे. लिहून घ्या." डॉक्टरला लिहून घेण्यात रस नव्हता. रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या. उताऱ्याचं औषध सुरू झालं. मनोहरभाऊ वॉर्डाबाहेरच्या बाकावर राहिले. तिथे त्यांनी कोणालाही काही समजावून सांगितलं नाही.

शेवंताबाई वाचली. पण गोळी बंद होती तेवढ्या काळात बोटं पुन्हा आखडली. डॉक्टरांनी तपासण्या करून ठरवलं की तीच गोळी कमी मात्रेत, पुन्हा आठवड्यातून एकदा. ती चिठ्ठी घेऊन आली तेव्हा मी दुकानात होतो.

मनोहरभाऊंनी चिठ्ठी वाचली आणि तिच्यापुढे सरकवली. "दुसरीकडून घे, बाई."

"काऊन?"

"माह्या हातानं नाई होत."

तिनं आपली न उघडणारी मूठ काउंटरवर ठेवली. "मंग ह्या हातानं बांगडी भरून दाखवा. मी काय करू, घरी बसू? भेव तुमचं तुमच्यापाशी ठेवा जी. गोळी मले द्या."

ते फडताळाकडे वळले. मग त्यांनी पट्टीतून एकच गोळी कापली. "मंगळवारची एक. बाकीच्या इथंच राहतील. तू यायचं नाई. मी आणून देईन."

मंगळवारी तिचा बाजार जिथे भरतो त्या गावाला जंगलातून जावं लागतं. दर मंगळवारी दुपारी मनोहरभाऊ दुकान बंद करून स्कूटरनं तिथे जातात. परवा मी मागे बसून गेलो. शेवंताबाई एका नवरीचा हात दाबत बसली होती. बोटं उघडत होती. मनोहरभाऊंना पाहताच तिनं नवरीचा हात सोडला आणि भर बाजारात मोठा आ केला. मनोहरभाऊंनी मोबाइलच्या उजेडात जीभ, गाल, टाळू, कुठे फोड नाहीत ना ते पाहिलं. नवरी आणि तिच्या सोबतच्या बाया हसत होत्या. मग गोळी, पाणी. काम संपलं.

मनोहरभाऊ उठले नाहीत. पालाच्या मागे पोत्यावर बसून ते बांगड्यांचे डझन दोऱ्यात ओवू लागले. सफाईवरून ते काम त्यांच्या सवयीचं दिसत होतं. बाजार विरळ होत गेला.

"भाऊ, दिवस बुडाले आला," शेवंताबाई म्हणाली. "रस्त्यात वाघ आहे. निघा आता. घरी वाट पाहून राह्यले असतील."

"कोण?" मनोहरभाऊंनी विचारलं.

शेवंताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं आणखी एक खोकं त्यांच्यापुढे सरकवलं.

"मंग ह्या हिरव्या तेवढ्या वेगळ्या करा," ती म्हणाली.