नमुना क्रमांक सातमधली रिक्त जागा

आमच्या प्रयोगशाळेतल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात एका अणूची जागा रिकामी होती, आणि ती भरण्यासाठी एकशे चौदा अर्ज आले.

जागा सापडली डॉ. हेमांगी चौबळ यांना, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात. बाई अकरा वर्षं तात्पुरत्या होत्या. दर सहा महिन्यांनी नोकरीत एक दिवसाचा खंड, मग नवा आदेश. यंदा नवा आदेश निघणार नव्हता. त्यांनी अहवालात लिहिलं, 'नमुना क्र. ७ मध्ये एक रिक्त जागा.' तो आस्थापना शाखेच्या घरतांनी वाचला.

"रिक्त आहे ना? मग भरावी लागेल."

"अहो घरत, ती अणूची जागा आहे."

"कोणाची होती ते मी विचारत नाही, मॅडम. कायम का तात्पुरती?"

बाईंनी पेन उचललं. "कायम," त्या म्हणाल्या. पहिला अर्ज त्यांचाच.

मी नमुने घासते. चौथी शिकलेय, पुढचं यंत्राची पुस्तकं वाचून. शंभर नॅनोमीटरहून जाड काही त्या सूक्ष्मदर्शकात चालत नाही, आणि माझ्या हाताखालून गेल्याशिवाय काही आत जात नाही. भल्याभल्या पीएचडीवाल्यांचे नमुने मी तोंडावर परत केलेत.

मुलाखत शेजारच्या बारा अणूंनी घेतली. निर्वातात आवाज पोचत नाही, म्हणून सगळं लेखी. संचालकांच्या भाचेजावयाने अनुभवाची चार पानं जोडली होती. मंडळाचा शेरा आला: 'उमेदवार जाड.'

"मावशी, जरा बघा ना," तो म्हणाला. मी घासायला घेतला. दुसऱ्या पॉलिशलाच रजेवर गेला.

बाईंना एकच प्रश्न आला: 'इथे सतत थरथरावं लागतं, पण हलता येत नाही. जमेल?'

बाईंनी लिहिलं: 'अकरा वर्षं तेच करतेय. फक्त जागा नव्हती.'

निवड झाली. नऊ दिवस मी त्यांना घासलं. आधी सहा मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट, मग तीन, मग एक, मग पाव.

"दुखतंय?"

"गुदगुल्या होतात. मावशी, खांद्यावर ओरखडा राहिला तर फोटोत दिसेल हं."

"मला शिकवू नका. तुम्ही फ्रॉक घालत होतात तेव्हापासून घासतेय."

सोमवारी दहाला बाई रुजू झाल्या. पडद्यावर ओळीत एक ठिपका वाढला, जरासा तिरका. घरतांनी बघून शिक्का मारला.

सहा महिन्यांनी घरत सवयीने कागद घेऊन आले. "मॅडमचा एक दिवसाचा खंड."

"द्या की, काढा बाहेर," म्हणत मी चिमटा त्यांच्यापुढे केला.

त्यांनी पडद्यावर बघितलं. बारा शेजाऱ्यांनी बाईंना चहूबाजूंनी धरून ठेवलं होतं. शेवटी कागद माझ्या टेबलावर ठेवून घरत गेले.

नियम म्हणजे नियम. मी तो आदेश घासून आत पाठवला. दुपारी परत आला, बाईंच्या अक्षरात शेरा मारून: 'जागा भरलेली आहे.'