धोंडाबाईचं डबकं आणि पर्यावरणपूरक शिमगा

एका जंगलात दर वर्षी शिमगा व्हायचा आणि तो कुणी आखून दिलेला नसायचा. चुळबुळ थांबवा रे पोरांनो, मग पुढचं सांगते.

कोल्हे पोटभर बोंब ठोकायचे. माकडं सोंगं काढायची. त्या दिवशी वाघोबाला तोंडावर शिवी दिली, तरी त्यानं ती ऐकून घ्यायची असा रिवाज. दुसऱ्या दिवशी धुळवड. तेव्हा सगळं जंगल धोंडाबाईच्या डबक्यात लोळायचं.

धोंडाबाई ही रानडुकरीण. वयानं थोर, अंगानं त्याहून थोर. ते डबकं तिच्या आजीच्या आजीनं लोळून लोळून खोल केलेलं. तिथला चिखल अंगावर वाळला की गोचिडं त्यासकट गळून पडायची. पण धोंडाबाईला काळजी होती ती नातवंडांची. डुकराला घाम येत नाही, लेकरांनो. चैत्रात रान तापलं की पिल्लांचा जीव त्या चिखलातच वाचायचा. दुसरी ओली जागा जवळपास नव्हती.

एका वर्षी पिसाजीराव मोर परत आला. त्यानं हिवाळाभर रानाच्या कडेच्या एका मोठ्या रिसॉर्टच्या छपरावर बसून भाषणं ऐकली होती. आल्या आल्या त्यानं सभा भरवली. म्हणाला, यंदाचा शिमगा पर्यावरणपूरक.

पहिला ठराव झाला, होळी पेटवायची नाही. त्या जंगलात होळी कधी पेटलीच नव्हती. जनावरं विस्तवाला भितात. तरी टाळ्या पडल्या. दुसरा ठराव, रासायनिक रंग बंद. ते कुणी पाहिलेसुद्धा नव्हते. आणखी टाळ्या. मग मोराच्या लक्षात आलं, जे मुळात आहे असं काहीतरी बंद करायला हवं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तिसरा ठराव मांडला. धुळवडीत पाणी वाया जातं, सबब धोंडाबाईचं डबकं मुरूम टाकून बुजवायचं आणि त्यावर पाणी वाचवा मोहिमेचं व्यासपीठ बांधायचं.

धोंडाबाई उठली. तिनं सभेला बरंच काही सुनावलं, त्यातलं निम्मं तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

मोर शिकलेल्या काकांसारखा हसला. "आजी, तुमच्या भावना समजतात. पण सणाचं स्वरूप बदलायला हवं."

"बदल की. तुझं शेपूट बदल. माझ्या डबक्याला हात लावायचा नाही."

ती वाघोबाकडे गेली. वाघोबा म्हणाला, "मला ठराव कळला नाही. म्हणजे चांगलाच असणार."

सकाळी ससे मुरूम घेऊन आले. धोंडाबाई डबक्याच्या मधोमध बसून राहिली. सशांनी तिची माफी मागितली आणि तिच्याभोवती मुरूम टाकला. तो तिच्या पोटापर्यंत आला, तेव्हा पिसाजीराव पाहणीला आला. एका धडकेत त्याचा निकाल लागला असता. पण धोंडाबाईनं सशांची रांग पाहिली. हा मोर गेला तर उद्या दुसरा येईल, हे तिला दिसलं.

मग जन्मात कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. गोड बोलली. विचारलं, "पिसाजीराव, त्या रिसॉर्टात पाहुणे काय करतात हो?"

मोराला फार दिवसांनी कुणी काही विचारलं होतं. तो रंगून सांगू लागला. पाहुणे पानावर जेवतात, झुल्यात झोपतात. आणि एका खास खोलीत त्यांना नखशिखांत चिखल फासतात. त्याला म्हणतात मृत्तिका-चिकित्सा. बाहेर आले की म्हणतात, कांती काय उजळली.

"तुम्ही केली असेल."

मोर खाली पाहू लागला. "मोराला कोण आत घेणार?"

"इथं घेतील. पण पहिला मान कुणाला द्यावा, तेवढं ठरत नाहीये. कोल्हा मागं लागलाय."

दुपारी ठराव फिरला. मघाशी मुरूम टाकणारे तेच ससे तो उपसायला लागले. डबक्याचं नाव झालं पारंपरिक मृत्तिका-चिकित्सा केंद्र, आणि यंदाच्या शिमग्याचं ते मुख्य आकर्षण ठरलं.

धुळवडीला पहिला मान पिसाजीरावांचा. धोंडाबाईनं स्वतःच्या नाकाडानं त्याला लेप दिला. एक पीस सोडलं नाही. ऊन चढलं, चिखल कडक झाला. भाषणासाठी मोरानं पिसारा उघडायला जोर लावला, आणि पिसारा उघडण्याऐवजी तो स्वतःच धाडकन उताणा पडला.

जंगलानं अशी बोंब ठोकली की तशी कधी ऐकली नव्हती. पडल्या पडल्या मोर म्हणाला, कांती उजळतेय. सगळ्यांनी मान डोलावली आणि उड्या टाकल्या.

चैत्रात रान भाजून निघालं. धोंडाबाईची नातवंडं नाकाची टोकं तेवढी बाहेर ठेवून चिखलात पडून राहिली. बाकीच्यांना आता आधी विचारून यावं लागे. धोंडाबाई लहर असेल तर हो म्हणे.

तात्पर्य: पोरांनो, खऱ्याची बाजू घेऊन भांडलात तर पोटापर्यंत मुरूम येतो, त्याच्या पलीकडं काही मिळत नाही. जे वाचवायचं त्याला उच्चारायला अवघड असं नाव द्या आणि बुजवणाऱ्यालाच आधी आत लोळवा. पर्यावरणाचं रक्षण आपोआप होतं.